आई भाकरी खाईपर्यंत

आमच्या कॉलेजच्या ऑफिसात दुपारी सगळ्यांचे डबे एकाच टेबलावर उघडतात. परवा तिथे विषय निघाला की जन्मभर रोज एकच पदार्थ खायचा झाला तर कोणता खाल. महाबळेश्वरहून बदलून आलेला आमचा लेखनिक स्ट्रॉबेरी म्हणेल असं सगळ्यांना वाटलं होतं. तो म्हणाला, "तिचं नाव काढू नका, कळायला लागल्यापासून वेचतोय. मला मिसळ चालेल." कुणी वरणभात म्हणालं, कुणी साबुदाण्याची खिचडी. माझी पाळी आली तेव्हा मी विचार न करता सांगितलं, "शाळूची भाकरी."

शेजारच्या बाईंनी माझ्या डब्यात डोकावून बघितलं. "मग मॅडम, डब्यात कायम चपातीच कशी हो?"

"भाकरी गार झाली की वातड होते," मी म्हणाले आणि डबा आवरला.

हे कारण खरं नाही. रब्बीच्या ज्वारीची, म्हणजे शाळूची, भाकरी गार झाली तरी चांगली लागते. शिळी तर दह्याबरोबर जास्तच चांगली लागते. हे मला कळतं तितकं त्या टेबलावरच्या कुणालाही कळत नसेल.

माझं माहेर आष्ट्याचं. घर जैन, शेती उसाची. आजूबाजूला सगळा ऊस असला तरी विहिरीच्या वरच्या अंगाला एक तुकडा आईनं शाळूसाठी राखून ठेवला होता. वडील असताना त्यांच्याशी भांडून ठेवला आणि नंतर भावाशी भांडून. "ऊस कारखान्याला जातोय. आमी काय खायचं, पाचट?" असं ती म्हणायची. माझं लग्न होऊन मी साताऱ्याला आले तरी त्या तुकड्यातला शाळू दरवर्षी पोत्यानं माझ्याकडे यायचा. मी तो थोडाथोडा दळून आणायची. पीठ जास्त दिवस राहिलं की त्याची विरी जाते, चिकटपणा उरत नाही, मग ते थापताना चिरतं. म्हणून शनिवारच्या कामांत 'दळण' हे पहिलं. आमच्या फ्रीजवर आठवड्याचा बेत लावलेला असतो. त्यात भाज्या बदलायच्या, उसळी बदलायच्या, पण प्रत्येक वाराखाली भाकरी असायचीच. शेवटी मी ती लिहायची सोडून दिली होती.

आईची भाकरी मोठी आणि पातळ. परातीत पीठ घेऊन त्यात उकळतं पाणी ओतायची आणि हाताला चटका बसत असतानाच मळायला घ्यायची. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायची आणि मग चुलीच्या तोंडाशी, निखाऱ्यासमोर उभी करून फुगवायची. फुगली की वरचा पापुद्रा अलगद सुटायचा. त्या पापुद्र्यावर गोडं तेल, तिखट आणि मीठ लावून ती आम्हा भावंडांना द्यायची. मी घाईनं गिळायची. शाळा, अभ्यास, झाडलोट, सगळं मला तेव्हाही आटपायचं असायचं. ती म्हणायची, "बाई, तुला कुणी वाघ लागलाय व्हय मागं? बारीक चाव. चावत ऱ्हायलं की गोड लागती." खरंच लागते. शाळूची भाकरी तोंडात बराच वेळ घोळवली की आपोआप गोड होते. त्यासाठी साखर, गूळ काही लागत नाही.

गेल्या वर्षी संक्रांतीनंतर मी आष्ट्याला गेले तेव्हा आई भाकरी दुधात भिजवून खात होती. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. दात गेले असतील असं वाटलं. पुढच्या वेळी ती ताकात कुस्करून खात होती. त्याच्या पुढच्या वेळी तिनं ताटच बाजूला सारलं. भावाची बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, "वन्सं, ह्या घास घेत्यात आणि छातीवर हात दाबून बसत्यात. इचारलं तर म्हणत्यात, उचकी लागली."

मिरजेला नेलं. तपासण्या झाल्या. अन्ननलिकेत गाठ होती, आणि वाट इतकी अरुंद झाली होती की पाणीही थांबून थांबून उतरत होतं. डॉक्टर चांगले होते, त्यांनी आम्हाला बसवून सांगितलं. वय आणि तब्येत बघता ऑपरेशन झेपणार नाही. पोटाला नळी बसवता येईल, पण ती आईला नको होती. पातळ जेवढं जाईल तेवढं देत राहा, म्हणाले. यातून बरं होणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी ते ऐकलं आणि लगेच वही काढून विचारलं, "पातळ म्हणजे काय काय चालेल?"

मला दुसरं काही येत नाही. काम दिसलं की मी त्याचे तुकडे पाडते आणि एकेक संपवते. भाताची पेज, मुगाचं कढण, गाळलेलं ताक, नाचणीचं सत्त्व, शहाळ्याचं पाणी. कोणत्या वेळेला काय, ते मी लिहून आईच्या खोलीत चिकटवलं. शनिवार-रविवार आणि जमेल तशी रजा घेऊन मी साताऱ्याहून कराड, पेठ नाका करत आष्ट्याला जायची. पहिल्याच आठवड्यात यादीचं आणि आईचं वाजलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की एका वेळी थोडं जातं, म्हणून रात्रीही द्या. आई दिवस मावळल्यावर तोंडात काही घेत नसे. लग्न होऊन आल्यापासून घेतलं नव्हतं.

"औषध म्हणून घे," मी म्हणाले.

"औषध जिता ठेवायला आसतंय. मला कशाला ठेवायलीस?"

"आई, असं बोलू नकोस. इथं साडेआठला कढण लिहिलंय."

तिनं भिंतीकडे बघितलं. हसू आलं की तिला ठसका लागायचा, म्हणून ती हसू दाबत म्हणाली, "समदं लिवलंयस. माझं मरान कुठल्या वाराला घातलंयस, ते बी बघून सांग."

मी रात्रीच्या ओळी खोडल्या.

त्या पावसाळ्यात आष्ट्याच्या बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, एक साध्वी माताजी चातुर्मासासाठी थांबल्या होत्या. आमच्यात चातुर्मासात नियम घेण्याची पद्धत आहे. कुणी महिनाभर मीठ सोडतं, कुणी दूध-तुपातलं काही सोडतं, कुणी आवडती भाजी. साधूंसमोर हात जोडून काय सोडणार आणि किती काळ ते सांगायचं, त्यांनी नियम दिला की तो पाळायचा. आईचे नियम दरवर्षी असायचे आणि मी तिच्या नियमांना नेहमी नाक मुरडायची. वांगी न खाल्ल्यानं कुणाचं काय भलं होतं, असं मी तिला विचारायची.

त्या रविवारी मी स्वतः बस्तीत गेले. ओळीत बसले, पाळी आल्यावर हात जोडले आणि म्हणाले, "मला भाकरीचा नियम द्या. भाकरी मला सगळ्यात जास्त आवडते."

"किती काळ?" माताजींनी विचारलं.

"माझी आई भाकरी खाईपर्यंत."

त्यांनी आईचं सगळं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "हा नियम नाही, हा नवस झाला. आपल्यात नवस नसतो. नियम आपलं मन आवरण्यासाठी असतो, त्याच्या बदल्यात काही मागायचं नसतं. तुम्ही चातुर्मासापुरता घ्या. फार तर वर्षाचा घ्या. काळ ठरलेला असू दे."

ऑफिसात कुणी अंतिम तारीख न घालता कागद पाठवला तर मी तो परत करते. मुदत नसलेलं काम कधी संपत नाही, हे मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी शिकवते. त्या दिवशी मला कुणी तेच शिकवत होतं आणि मी ऐकलं नाही. वर्षाचा नियम घेतला तर वर्षाच्या आत आई जाईल हे मान्य केल्यासारखं होईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. माताजींनी मला तो नियम दिला नाही. मी उठले, आत गाभाऱ्यासमोर गेले आणि मूर्तीपुढे स्वतःच घेतला. आई भाकरी खाईपर्यंत मी भाकरी खाणार नाही.

माताजींनी दिलेला असता तर पुढे त्यांच्याकडे जाऊन सोडवून घेता आला असता. मी घेतलेला, तो मी कुणाकडे नेणार?

घरी मी भाकरी वाढून घेईना, तेव्हा भावाच्या बायकोनं खोदून विचारलं आणि दुसऱ्या दिवशी आईच्या कानावर घातलं. आईनं मला हाक मारली. ती उशीला टेकून बसली होती. आवाज तोवर बसला होता, तरी राग कळत होता.

"भाकरी सोडलीस?"

"थोडे दिवस."

"थोडे दिवस न्हाई. ती मला समदं बोललीया. आगं, नियम घ्यायचा तर आपल्या जिवावर घ्यावा. दुसऱ्याच्या घशावर घेत्यात व्हय कुणी?"

"तू बरी होशील म्हणून घेतला."

"मी बरी व्हनार न्हाई. डागदरनं तुला सांगितलंय, तू मला सांगितलं न्हाईस, पर मला कळतंय. आन आता तुझी भाकरी माझ्या गळ्यात आडकवलीस." शेवटी म्हणाली, "कवा खायाची आता तू?"

मी पेज गरम करायला गेले.

त्यानंतरच्या खेपेला मी आष्ट्याला पोचले, तेव्हा आई अंघोळ करून, स्वच्छ पातळ नेसून भिंतीला टेकून बसली होती. मला बघताच म्हणाली, "तवा ठेव. भाकरी कर. पातळ कर."

"कुणाला?"

"मला."

भाऊ शेतावरून आला होता, तोही दारात उभा राहिला. "आई, कशाला उगं? आडकली म्हंजी परत मिरजेला पळायला लागंल."

"गप रं. तुला कुणी इचारलंय?"

मी भाकरी केली. ती चांगली फुगली. पापुद्रा सुटा केला. तेल-तिखट लावणार होते, पण तिला झोंबलं असतं, म्हणून नुसता मऊ भागाचा नखाएवढा तुकडा दुधात बुडवून पुढे केला. तिनं तो हातानं बाजूला केला. "कोरडा दे. दुधातला नियमात धरत न्हाईत." कोण धरत नाही, ते मी विचारलं नाही.

तिनं तुकडा तोंडात घातला आणि चावायला लागली. डोळे मिटलेले. आम्ही तिघं, मी, भाऊ आणि त्याची बायको, तिच्या जबड्याकडे बघत होतो. बाहेर भावाचं कुत्रं एकसारखं भुंकत होतं आणि त्याला गप करायला कुणी जात नव्हतं. आई चावत राहिली. मग तिची मान पुढे झाली, खांदे उचलले गेले, घशातून आवाज आला. मी पाण्याचं भांडं घेऊन पुढे झाले. तिनं एका हातानं मला थांबवलं, दुसऱ्या हातानं पदर तोंडाला लावला, खोकली आणि डोळ्यांतलं पाणी पुसलं.

"गेली," ती म्हणाली. "गोड लागली. खाल्ली मी. झाला तुझा नियम."

भाऊ तिच्या पायाशी बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. त्याची बायको म्हणाली, "आत्या, आता उद्यापास्नं चतकूर चतकूर खायाची." आईनं तिला मान डोलावून हो म्हटलं आणि मला म्हणाली, "आता तू खा. माझ्यासमोर खा."

मी ताटात भाकरी घेतली. पण तेवढ्यात तिला उलटी झाली, घशात जे काही अडकलं होतं ते पाण्यासारखं बाहेर आलं, आणि सगळी धावपळ झाली. माझं ताट तसंच राहिलं.

दुपारी तिचं पातळ मी धुवायला घेतलं. कपडे भिजवण्याआधी खिसे आणि पदराच्या गाठी बघायची माझी सवय आहे. आईच्या पदराला नेहमी काहीतरी बांधलेलं असायचं, लवंग, सुपारी, देवळात टाकायचे तांदूळ. त्या दिवशीही गाठ होती. सोडली तर आत चावून मऊ झालेला भाकरीचा घास होता. पूर्ण चावलेला. तिनं तो गिळण्याऐवजी पदर तोंडाला लावताना बाहेर काढला होता आणि नंतर, आम्ही धावपळ करत असताना, गाठ मारली होती.

मी तो घास पेरूच्या झाडाखाली मुंग्यांना टाकला, पातळ धुतलं, पिळलं, दोरीवर घातलं आणि पिना लावल्या. कुणाला काही सांगितलं नाही. आईला तर नाहीच.

मी साताऱ्याला आले की रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. भावाची बायको फोन तिच्या कानाला लावायची. तिच्याच्यानं दोन-तीन शब्दांच्या वर बोलवत नव्हतं, तरी प्रश्न ठरलेला असायचा.

"भाकरी खाल्लीस?"

"खाल्ली."

"कशासंगं?"

"शेंगाचटणी आणि दही." कधी मटकीची उसळ सांगायची, कधी वांग्याचं भरीत. आठवड्याचा बेत समोरच होता, त्यातलं वाचायची.

"पापुद्रा आल्ता?"

"आला होता. मोठा."

"बारीक चाव."

तिला माझं खोटं कळत होतं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. मला तिचं कळलं होतं, एवढंच नक्की.

दिवाळीच्या आधी भावाला ती रोज एकच विचारायला लागली, शाळू पेरलास का. त्यानं पेरला. उगवून वीतभर झाला होता तेव्हा आई गेली. शेवटचे काही दिवस तिनं पाणीही स्वतःहून थांबवलं. बस्तीतल्या बायका येऊन बसायच्या आणि णमोकार मंत्र म्हणायच्या. मी माझी यादी भिंतीवरून काढली. चिकटपट्टीबरोबर भिंतीचा चुना निघून आला, तो डाग तिथे तसाच आहे.

नंतर आलेल्या प्रत्येकाला भावानं ते सांगितलं. "जायच्या आदी आईनं भाकरी खाल्ली. आक्काचा नियम सोडवून गेली." पाहुण्यांनी हात जोडले. एक चुलत काकी मला म्हणाल्या, "नशीबवान हायस बाई. आसं कुणाला जमतंय?" मी मान हलवली. खरं सांगितलं असतं तर मी नियमातून सुटले नसते, आणि आईनं एवढा जीव खाऊन केलेलं वाया गेलं असतं. न सांगितल्यानं माझ्यासाठी तरी काही बदललं नाही. जगासाठी माझा नियम संपलेला आहे. गाभाऱ्यासमोर मी जे बोलले, ते पुरं व्हायला माझ्या आईनं एक घास गिळायला हवा होता. आता ते होणार नाही.

घरी मी भाकरी रोज करते. नवऱ्याला तीच लागते. पीठ मळते, थापते, फुगवते, त्याच्या पानात वाढते आणि स्वतःला आदल्या रात्रीची चपाती घेते. त्याला मी वजनासाठी भाकरी सोडली असं सांगितलंय. भाकरीनं वजन वाढत नाही हे त्यालाही माहीत आहे.

मार्चमध्ये भाऊ शाळूचं पोतं घेऊन साताऱ्याला आला. पोतं गॅलरीत ठेवून घाम पुसत म्हणाला, "आक्का, ह्यो शेवटचा. पुढल्या साली त्या तुकड्यात बी ऊसच घालतोय. पाखरं राखायला मानूस मिळंना आन आईबिगार आमच्या घरात भाकरी खातंय कोन? पोरं बी चपात्याच मागत्यात."

"घाल," मी म्हणाले. मी काय म्हणणार होते? राखायला मी जाणार नव्हते.

"आज नव्या शाळूची कर. दोघं मिळून खाऊ."

मी दळून आणलं, केली. नव्या ज्वारीची भाकरी पांढरीशुभ्र होते आणि वासही वेगळा येतो. त्यानं पहिला पापुद्रा काढला, तेल-तिखट-मीठ लावलं आणि अर्धा माझ्या पानात टाकला, लहानपणी टाकायचा तसा. "खा की. बघत काय बसलीयास?"

तो बघत होता. त्याच्या दृष्टीनं आईनं माझ्यासाठी घास गिळला होता. मी तुकडा तोंडात घातला. चावला. तिखट आधी लागलं, मग तेल, मग नुसती भाकरी. मी चावत राहिले.

"कशी हाय?"

"गोड आहे."

"आई बी हेच म्हनली व्हती," तो म्हणाला आणि ताटाकडे वळला.

मग मी कढी बघते म्हणून ओट्याकडे गेले, त्याच्याकडे पाठ केली, नॅपकिन तोंडाला लावला आणि घास त्यात काढला. गोड लागली असं आईनं त्या दिवशी सांगितलं होतं, ते तेवढं खरं होतं. तिनंही शेवटपर्यंत चावली होती.

नॅपकिन धुवून वाळत घातला. भाऊ जेवून दुपारच्या एसटीनं गेला. पोतं अजून अर्ध्याहून जास्त आहे. शनिवारी थोडं दळून आणते, विरी जाऊ नये म्हणून.